पलंग पाहावा गादी उचलून

स्मरणिकेसाठी लेख मागताना यंदा संपादकांनी एकच अट घातली. "ताई, लसीकरण आणि स्तनपान सोडून काहीही लिहा." गेली अनेक वर्षे मी या दोनच विषयांवर लिहीत आले आहे आणि आपले सभासद ते पान न वाचता उलटतात, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून या वेळी पलंगाविषयी लिहीत आहे. गादीविषयी नव्हे, पलंगाविषयी. गादीबद्दल आपण वैद्यक व्यवसायातील मंडळी पुष्कळ बोलतो. किंबहुना जरा जास्तच बोलतो. गादीखाली काय आहे हे मात्र आपल्यापैकी कोणी विचारत नाही. मीही विचारत नव्हते. तो प्रश्न मला फार उशिरा सुचला आणि त्याची किंमत माझ्या सासूबाईंनी मोजली.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपणा बडोदेकरांच्या चांगलाच स्मरणात असेल. पाणी दोन-तीन दिवस घरांतून हलले नाही. मगरी अंगणापर्यंत आल्या. पाणी ओसरल्यावर मी दवाखान्याकडे पायी निघाले, तेव्हा प्रत्येक सोसायटीच्या फाटकाबाहेर भिजलेल्या सामानाचे ढीग लागले होते. त्या ढिगांत सर्वांत अधिक काय होते, तर पलंग. हौसेने घेतलेले, उंच मखमली पाठीचे, चकचकीत पलंग. त्यांच्या बाजू फुगून बिस्किटासारख्या झाल्या होत्या. हात लावला की भुसा निघे. वरचा लाकडासारखा दिसणारा कागद सोलून निघाला होता आणि आतले खरे रूप उघडे पडले होते. लाकडाचा चुरा व गोंद यांची दाबून केलेली पाटी, म्हणजेच पार्टिकल बोर्ड. पुराला दोष देणे सोपे आहे. पण पुराने त्या पलंगांत काही नवे बिघडवले नाही. जे आधीपासून होते ते दोन दिवसांत दाखवून दिले. एरवी ते दिसायला पाच-सात वर्षे लागली असती.

आमच्या घरी ते तीन वर्षांत दिसले होते.

२०१२ साली आम्ही दांडिया बाजारातील जुने घर सोडून सदनिकेत राहायला आलो. जुन्या घरात सासूबाईंचा पलंग होता. १९६१ साली त्यांच्या लग्नात माहेरून आलेला, वलसाडी सागाचा, काळसर, रुंद पायांचा. त्याला हलवायचे म्हणजे चार माणसे लागत. नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो मावणार नाही, जिन्याच्या वळणावर अडकेल, नव्या खोलीच्या रंगसंगतीशी जुळणार नाही, अशी कारणे देऊन मी तो आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंना देऊन टाकला. देताना आपण औदार्य दाखवत आहोत अशीही माझी समजूत होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्यासाठी एका दुकानातून पाच फूट रुंदीचा नवा पलंग आणला. पाठ उंच, गुबगुबीत, खाली खण, वर नामांकित कंपनीची कडक गादी. गादी निवडायला मला दोन रविवार लागले. पलंग दहा मिनिटांत ठरला.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पहाटे त्या न्हाणीघरात जाण्यासाठी उठल्या, काठावर बसल्या आणि डोक्याकडच्या पाठीला जोडलेली बाजूची पट्टी निखळली. गादी कलंडली. त्या घसरून खाली आल्या. वय ७४. मांडीच्या हाडाची मान मोडली. पुढची कथा आपणा डॉक्टरांना सांगायला नको. अर्धा सांधा बदलला, शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण नंतरची पाच वर्षे वॉकर सुटला नाही.

रुग्णालयात दाखल करताना निवासी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे टिपणात लिहिले, 'घरात पडल्याचा इतिहास'. सासूबाईंनी विचारले, "काय लिहिलं त्यांनी?" मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, मी नाही पडले. पलंग पडला. मी त्याच्यावर होते, इतकंच."

या वाक्यातील तक्रार मला नंतर कळली. आपण रुग्णाला विचारतो, चक्कर आली होती का, रक्तदाबाची गोळी कोणती, दिसते कसे, रात्री दिवा होता का. सारे योग्यच. पण 'कशावरून पडलात, ते मोडले का, हलत होते का,' हे विचारण्याची आपली पद्धत नाही. पंचवीस वर्षे माझ्या बाह्यरुग्ण विभागात 'पलंगावरून पडला' या एका वाक्यासह मुले येत आहेत. मी त्यांच्या बाहुल्या तपासल्या, टाळू चाचपली, उलटी झाली का विचारले. पलंगाची चौकशी मी त्या फेब्रुवारीनंतर सुरू केली. तेव्हापासून जी उत्तरे मिळाली त्यांनी हा लेख लिहायला भाग पाडले.

आमचे यजमान व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहेत. पूल आणि पाण्याच्या टाक्या तपासण्यात आयुष्य गेले. त्यांनीही दुकानात पलंगाची पाठ थोपटली होती, खाली वाकून पाहिले नव्हते. अपघातानंतर त्यांनी तो पलंग उघडला. बाजूची पट्टी चार बारीक स्क्रूंवर उभी होती आणि ते स्क्रू पार्टिकल बोर्डच्या कडेत पिळलेले होते. भोकांतून पीठ गळत होते. घर लावताना पलंग एकदा खोलून पुन्हा जोडला गेला होता. अशा पाटीत एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा तितका घट्ट बसत नाही. हे जोडणाऱ्या मुलाला ठाऊक असणार. आम्हाला ठाऊक नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते.

त्या दिवसापासून यजमान पलंगाकडे पुलासारखे पाहतात, मी हाडांच्या सापळ्यासारखे. दोघांचे म्हणणे एकच निघते. पलंगाची पाठ हा त्याचा चेहरा. बाजूच्या लांब पट्ट्या म्हणजे मांडीची हाडे. मधून लांबीने जाणारी तुळई हा कणा आणि तिच्यावर आडव्या टाकलेल्या पट्ट्या या बरगड्या. गादी ही फार तर मांस. आपल्याकडे पैसा खर्च होतो तो चेहऱ्यावर आणि मांसावर. कण्याची चौकशी होत नाही. पुष्कळ पलंगांना कणा नसतोच.

कणा का हवा, हे यजमानांनी मला जेवणाच्या टेबलावर फूटपट्टी घेऊन समजावले. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीच्या मध्यावर वजन ठेवले, तर तिला येणारा बाक हा टेकूंमधल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट, तर बाक आठपट. म्हणजे सहा फूट रुंद पलंगाच्या आडव्या पट्ट्यांना मधोमध आधार दिला, की सहा फुटांचे दोन तीन-फुटी भाग होतात आणि तेवढ्याच वजनाने येणारा बाक आठव्या हिश्श्यावर उतरतो. एका मधल्या तुळईने एवढे साधते. पण त्या तुळईला स्वतःचा, जमिनीला टेकणारा पाय हवा. तो नसेल तर ती स्वतःच साडेसहा फुटांची वाकणारी पट्टी होते आणि आपल्याबरोबर बाकीच्यांनाही खाली नेते. दुकानात मांडलेल्या कित्येक मोठ्या पलंगांना मधला पाय नसतो. असला तरी तो जमिनीपासून बोटभर वर लोंबत असतो, कारण फरशी सपाट नसते आणि पाय फिरवून उंची जुळवण्याची सोय दिलेली नसते.

दुसरी गोष्ट लाकूड कसे लावले याची. तीच पट्टी आडवी ठेवण्याऐवजी कडेवर उभी केली तर कितीतरी ताठ होते. उभी उंची दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्श्यावर येतो. रुंदी दुप्पट केली तर केवळ निम्म्यावर. जुन्या पलंगांच्या बाजूच्या पट्ट्या उभ्या, चांगल्या पाच-सहा इंच उंचीच्या असत. त्या सुतारांनी घनाचे सूत्र वाचले नसेल. पण लाकूड कसे धरले म्हणजे वाकत नाही हे त्यांच्या हाताला माहीत होते. १८९० साली ज्या शहरात कलाभवन निघाले, त्या शहरातील आपण सुशिक्षित माणसे पलंग चकाकी पाहून घेतो, याचे कधीकधी नवल वाटते.

आणि सांधे. माझ्या अनुभवाप्रमाणे पलंग हाड मोडून जात नाही, सांधा निखळून जातो. एका लाकडाला जीभ काढून ती दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवणे आणि पाचर ठोकणे, ही जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची. मात्र लाकूड नीट वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे आक्रसते आणि जीभ खाचेत खेळू लागते. खोलून जोडायचा पलंग असेल तर आरपार जाणारा बोल्ट, नट आणि जाड लोखंडी पट्टी पाहावी. लाकडाच्या टोकाच्या छेदात, म्हणजे तंतूंच्या दिशेने घातलेला स्क्रू पकड धरत नाही. भुशाच्या पाटीच्या कडेत तर नाहीच. दुकानदाराला 'बाजू पाठीला कशी जोडली आहे ते दाखवा' असे म्हटले, की पुढच्या अर्ध्या मिनिटात तो किती अस्वस्थ होतो यावरून पलंगाची बरीच माहिती मिळते.

लाकडाबद्दल एकच सांगते. 'सागवान' हा शब्द ऐकून भुलू नये. सागाच्या गाभ्याचे गडद लाकूड वाळवीला दाद देत नाही. सालीलगतच्या फिकट लाकडाला ती प्रतिष्ठा नाही, त्यात भुंगाही शिरतो. झटपट वाढवलेल्या झाडांत हा फिकट भाग बराच असतो. आणि सर्वांना साग परवडावा असेही नाही. चांगल्या प्लायचा पलंग उत्तम टिकतो, ज्यावर 'आय. एस. ७१०' असे छापलेले असते तो मरीन प्लाय ओलही सोसतो. लोखंडी पलंग तर मला मनापासून आवडतो, दिसायला इस्पितळी असला तरी. जोड चहूबाजूंनी सांधलेला असावा, नुसते दोन ठिपके नकोत. आणि फरशी पुसताना पायांच्या तळाशी पाणी मुरून गंज धरतो, तेथे रबरी टोपी असावी. सासूबाईंची शेवटची पाच वर्षे अशाच साध्या लोखंडी खाटेवर गेली. ती कधी कुरकुरली नाही.

आता माझ्या क्षेत्राकडे येते. मोठ्या माणसासाठी पलंग झोपण्याची वस्तू आहे. मुलासाठी ती नाट्यगृह, आखाडा, जहाज आणि शाळा आहे. सुट्टीत मामाच्या घरी जमलेली पाच भावंडे एका पलंगावर उड्या मारतात, तेव्हा त्याच्यावर पडतो तो भार झोपलेल्या जोडप्याचा नसतो. झोपलेले मूल हे वजन आहे. उडी मारणारे मूल हा धक्का आहे. यजमानांच्या सांगण्यानुसार एखादे वजन उंचीवरून न टाकता केवळ एकदम सोडले, तरी पट्टीला क्षणभर दुप्पट बाक येतो. वरून पडले तर त्याहून किती तरी अधिक. 'उड्या मारू नका' हे सांगून काही होत नाही, हे मी या विषयातील एम.डी. म्हणून खात्रीपूर्वक सांगू शकते. तेव्हा पलंग उड्या सोसणारा घ्यावा. गेल्या उन्हाळ्यात एका मुलाचे गळपट्टीचे हाड असेच मोडले. पट्टी तुटून तो गादीसकट आत गेला होता. हाड तीन आठवड्यांत जुळले. पट्टी मात्र वडिलांनी सेलोटेपने चिकटवली होती, हे पुढच्या भेटीत त्यानेच मला सांगितले.

त्याहून अधिक भीती मला फटीची वाटते. पाच महिन्यांचे एक बाळ गादी आणि पलंगाची पाठ यांच्यामध्ये सरकून अडकले होते. सुदैवाने आईला वेळेवर जाग आली. गादी पलंगाच्या मापाची नव्हती; जुन्या पलंगावर नवी, दोन इंच आखूड गादी घातलेली, आणि पाठ हलत असल्यामुळे ती फट रोज थोडी रुंदावत होती. कोरीव जाळीच्या पाठींनाही हाच धोका. ज्या भोकातून मुलाचे धड जाते पण डोके जात नाही, ते भोक जीवघेणे. अमेरिकेत बाळाच्या खाटेच्या गजांमधील अंतर सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. एक बाजू खालीवर सरकणाऱ्या बाळखाटांची विक्री तर तेथे २०११ पासून बंदच आहे, कारण सरकती बाजू निखळून झालेल्या फटीत बाळे अडकून दगावली होती. म्हणजे तेथेही प्रश्न सांध्याचाच होता.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली दिलेल्या सूचनांनुसार बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतंत्र, सपाट आणि घट्ट पृष्ठावर झोपावे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपते किंवा घोडियुंत. संखेड्याचे रंगीत लाखकाम केलेले घोडियुं ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्या घरातील आजीला मी स्वतंत्र पृष्ठाचे व्याख्यान देत नाही. देऊन पाहिले आहे. मी एवढेच सांगते की बाळ झोके घेत असताना कोणीतरी जवळ असावे, महिन्यातून एकदा घोडियुंचे कडे, दोर आणि उभे खांब हलवून पाहावेत, आणि बाळ मोठ्या पलंगावर असेल तर पलंग डगमगता कामा नये व गादीभोवती बोट शिरेल एवढीही फट नको. पलंग असा नसेल, तर जमिनीवर घातलेली पातळ, घट्ट गादी सर्वांत बरी. दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालील मुलाला झोपवू नये, त्याने कितीही हट्ट केला तरी.

खणांच्या पलंगाबद्दल माझे मत स्पष्ट, आणि काहींना न आवडणारे आहे. ताकदीचा विचार केला तर चांगल्या प्लायची पेटी मजबूत असते. आतल्या पडद्या भार थेट जमिनीवर उतरवतात. पण जोरदार दांड्यांवर उघडणारे ते झाकण मला पाहवत नाही. दांडीतील दाब काही वर्षांनी कमी होतो आणि झाकण अर्ध्यावर न थांबता खाली येते. तीन वर्षांच्या एका मुलीची दोन बोटे त्यात चिरडलेली मी पाहिली आहेत. मूल लपंडावात आत शिरले तर काय, याचा विचार मी करत नाही. केला की झोप जाते. शिवाय त्या पेटीत आपण काय ठेवतो? रजया, जुन्या गाद्या, आहेराच्या चादरी. वारा नाही, ऊन नाही. मग दम्याचे मूल त्याच्यावर झोपते आणि मी त्याच्या इनहेलरची मात्रा वाढवते.

आपणा डॉक्टरांच्या आवडत्या सल्ल्याबद्दलही एक शब्द. 'कडक गादी वापरा' असे आपण कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला सांगत आलो. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधील ३१३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीने अधिक आराम मिळाला. आपला सल्ला मात्र तसाच चालू आहे. त्याहून गंमत अशी की रुग्ण महागडी गादी आणतो, ती मधोमध खचलेल्या पलंगावर टाकतो आणि आठ दिवसांत ती पलंगाचा आकार घेते. पट्ट्यांमधले अंतर तीन इंचांपेक्षा जास्त असेल तरी गादी फटींतून खाली उतरू लागते. मग गादीच्या दुकानाशी भांडण. पलंग पाहिलाच जात नाही.

या सर्वावर माझ्या एका तरुण सहकाऱ्याने घेतलेला आक्षेप मला विचार करायला लावणारा वाटला. तो म्हणाला, "मॅडम, आमची घरे भाड्याची, दर दोन वर्षांनी बदलणारी. मुले पुढे पुण्याला नाहीतर परदेशात. साठ वर्षे टिकणारा पलंग घेऊन मी करू काय? मला सहज खोलता येणारा, हलका, स्वस्त पलंगच हवा." त्याचे म्हणणे चुकीचे नाही. टिकाऊपणाचा अर्थ वारसा असा मी लावत नाही. माझा आग्रह इतकाच की पलंग जितकी वर्षे वापरायचा तितकी वर्षे त्याने आपल्याला खाली टाकू नये. आणि हलका-स्वस्त हवा असेल तर तो बोल्टचा लोखंडी घ्यावा. घर बदलताना दर वेळी भोके ढिली होणारा भुशाचा नको. पाठ नसली तरी चालते. भिंत असतेच.

दुकानात गेल्यावर मी आता काय करते, ते सांगते. लोक हसतात, हसोत. प्रथम गादी उचलायला लावते. मग वाकून मधला पाय मोजते. एक कोपरा चार बोटे उचलते. शेजारचा पाय लगेच बरोबर उठला तर चौकट एकसंध, तो जागीच राहिला आणि पलंग पिळवटला तर नमस्कार करून पुढे. पाठीला आडवा धक्का देते. नंतर काठावर बसते. मध्यावर सगळेच बसून पाहतात. पण म्हातारे माणूस आणि आजारी माणूस काठावर बसते, आणि सारे वजन एका पट्टीच्या एका सांध्यावर येते. बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का आणि गुडघा काटकोनात येतो का, तेही पाहते. घरातील ज्येष्ठांसाठी गादीसकट उंची १८ ते २० इंचांच्या आसपास असली की उठताना झोक जात नाही. आणि दिवाळीच्या साफसफाईत पलंगाचे बोल्ट आवळून घेते.

सासूबाई २०२० साली गेल्या.

२०२४ च्या पुरानंतर आठवड्याने मी धुणेभांडी करणाऱ्या बाईंच्या घरी गेले. त्या नदीकाठच्या वस्तीत राहतात. त्यांच्याकडे पाणी आमच्यापेक्षा लवकर शिरले आणि उशिरा निघाले. औषधे आणि थोडे धान्य घेऊन गेले होते. भिंतींवर कमरेच्या वरपर्यंत गाळाची रेघ होती. खोलीत तो पलंग उभा होता. त्यांनी पाणी वाढू लागताच त्याच्यावर टेबल, त्याच्यावर शिधा आणि मुलांची दप्तरे रचली होती आणि घराबाहेर पडल्या होत्या. परतल्यावर पलंग धुतला, दोन दिवस दारात वाळवला, पुन्हा आत घेतला. मी हात लावून पाहत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "बेन, पाणी आव्युं ने गयुं. पलंग हल्यो नथी."

मी विचारले, हा दाराबाहेर काढलात कसा, दार तर इतके अरुंद. त्यांच्या यजमानांना माझ्या प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. त्यांनी पायाजवळची एक लाकडी पाचर दाखवली. चार पाचरी, लाकडी हातोडीचे चार ठोके, दहा मिनिटांत सारा पलंग सुटा होतो. २०१२ मध्ये आमच्या जुन्या घरातूनही तो तसाच, सुटा करून, हातगाडीवर नेला होता. मी तेव्हा दवाखान्यात होते. लिफ्टमध्ये तो सहज मावला असता.

तो परत मागण्याचा मला अधिकार नव्हता आणि मी मागितलाही नाही. मात्र त्यांची परवानगी घेऊन पुढच्या रविवारी एका वयस्क सुतारांना तेथे घेऊन गेले. ते अर्धा तास पलंगाखाली टॉर्च घेऊन पडून होते. बाहेर आले तेव्हा कागदावर मापे होती आणि शर्टावर गाळ. लाकडासाठी त्यांनी चार महिने थांबायला सांगितले. लाकूड आहे, पण अजून पुरते वाळलेले नाही, म्हणाले. आम्ही थांबलो. मुलीचे लग्न ठरले आहे, आणि पाठ कशी हवी हे तिने अजून सांगितलेले नाही.